चार ओहमचे स्पीकर, ऐंशी वॉटचा रिसीव्हर: इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे घर. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंना गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. मुलगा बंगळुरूला. गेल्या दिवाळीत मुलानं ठरवलं, आईबाबांना घरातच नीट सिनेमा बघता आला पाहिजे, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाणं बाबांना मोबाइलवर कानाशी धरून ऐकावं लागू नये. त्याच्याकडे दोन टॉवर स्पीकर होते, पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेले. नव्या फ्लॅटमध्ये जागा होईना, म्हणून त्यानं ते खोक्यात नीट बांधून घरी पाठवले. रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना ताकद देणारं यंत्र), सेंटर स्पीकर आणि मागचे दोन छोटे स्पीकर काकांनी महाराणी रोडवरच्या एका दुकानातून घेतले. जोडणी दुकानातल्या मुलानं येऊन करून दिली.

हॉल सोळा बाय बाराचा. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना टॉवर, आणि सोफा त्यांच्यापासून साडेतीन मीटरवर. हा साडेतीनचा आकडा पुढे कामाला येणार आहे.

मी इंदुरात ध्वनियंत्रणा बसवण्याचं काम करतो, आणि काकांचा मुलगा माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. नावं आणि यंत्रांचे मेक गाळले आहेत.

अडचण

तिसऱ्या आठवड्यापासून रिसीव्हर मधेच बंद पडू लागला. सिनेमातला मोठा प्रसंग आला की आतून टक् असा आवाज यायचा, सगळं शांत व्हायचं आणि पुढचा लाल दिवा लुकलुकत राहायचा. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केला की चालायचा. काकांना वाटलं लाइटचा घोटाळा असेल. त्यांनी स्टॅबिलायझर आणला, फरक पडला नाही. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "भिया, वाट कम पड़ रहे हैं, बड़ा मॉडल ले जाओ."

संक्रांतीला मुलगी, जावई आणि नातवंडं आली. रात्री सिनेमा लागला, नातवानं आवाज वाढवत नेला. त्या रात्री रिसीव्हर दोनदा बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खाँसाहेबांचं गाणं लावलं आणि पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की डाव्या बाजूच्या तंबोऱ्याची झणक गेली आहे. गाणं येत होतं, पण कांबळ्याखालून आल्यासारखं. डावा ट्वीटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, गेला होता.

घरातल्या बाकी कुणालाही हा फरक कळला नव्हता. जन्मभर गाणं ऐकलेला कान काय पकडतो, त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

फोनवरचा अंदाज

मुलाचा फोन आला. "दादा, जरा बघशील का? बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांना वाईट वाटलंय." त्यानं स्पीकर आणि रिसीव्हर दोन्हींच्या माहितीपत्रकांचे फोटो पाठवले.

स्पीकरच्या पत्रकावर लिहिलं होतं: इंपीडन्स ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, २.८३ व्होल्टला १ मीटरवर. इंपीडन्स म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो ते. रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या खोबणींजवळ छापलेलं होतं: ६ ते १६ ओहम. एवढं वाचून माझं मत जवळजवळ झालं होतं की या रिसीव्हरला हे स्पीकर झेपणार नाहीत, दुसरा घ्यावा लागेल. तसं फोनवरच सांगून टाकलं असतं तर त्यांचे चाळीसेक हजार आणखी गेले असते, आणि नवा रिसीव्हरही बहुधा तसाच बंद पडला असता. "रविवारी येऊन बघतो, तोवर काही घेऊ नका," एवढंच बोललो. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच.

प्रत्यक्ष तपासणी

रिसीव्हर टीव्हीच्या युनिटमध्ये काचेच्या दाराआड होता आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला. हात लावला तर चांगलाच तापलेला. वीज बंद केली, डाव्या चॅनेलच्या तारा खोबणीतून काढल्या आणि मल्टिमीटर लावला. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ३.५ दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो. इथे आकडा आला २.२.

उजव्या बाजूलाही जवळपास तेवढाच आला. एकाच वेळी दोन्ही स्पीकर सारखेच बिघडणं शक्य नव्हतं, म्हणून तारा हातानं चाचपत मागे गेलो. खोबणीत प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन तारा पिळून बसवलेल्या होत्या. दुसरी तार केसिंग पट्टीतून भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात जात होती, आणि तिथे फ्रिजच्या वर जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन खोकी-स्पीकर ठेवले होते.

काकू म्हणाल्या, "मी सकाळी टीव्हीवर भजनं लावते ना, तर ती आत ऐकू यावीत म्हणून मीच त्या मुलाला सांगितलं होतं. माझ्यामुळे झालं का रे हे सगळं?" त्यांचा चेहरा पडला होता. मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगतो: स्वयंपाकघरात आवाज हवा असं म्हणण्यात काहीच चूक नव्हती. तो कुठून द्यायचा, हे जोडणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

काय झालं होतं ते असं. ४ ओहमच्या टॉवरला ८ ओहमचा खोकी-स्पीकर समांतर जोडला की एकत्रित इंपीडन्स होतो २.६७ ओहम. ओहम कमी तेवढा करंट जास्त, आणि तो करंट रिसीव्हरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. शिवाय स्पीकरचा ओहम सगळ्या स्वरांना सारखा नसतो. प्रमाणकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतो, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर काही स्वरांवर ३.२ ओहमचाही असतो. किमान ६ ओहमसाठी बनवलेलं यंत्र अडीच ओहमवर काचेच्या कपाटात बसून काम करत होतं. टक् करून बंद पडत होतं, ते स्वतःला वाचवत होतं.

काकांचा प्रश्न

काका इतका वेळ शांत बसले होते. मग त्यांनी विचारलं, "अरे, स्पीकरवर अडीचशे वॉट लिहिलंय. पुस्तिकेत रिसीव्हर ऐंशीचा. मग ऐंशीवाल्यानं अडीचशेवाल्याला जाळलं कसं?"

या विषयात विचारावा असा प्रश्न हाच आहे, आणि त्यात गफलत झाली तर पुढचे सगळे निर्णय चुकतात. म्हणून त्याला मी अर्धा तास दिला.

दुकानाच्या पावतीच्या मागे एक डोंगररांग काढली, वर-खाली जाणारी, गोल शेंड्यांची. ही आवाजाची लाट. रिसीव्हरचा वीजपुरवठा किती व्होल्ट देऊ शकतो त्यावर या डोंगराची उंची ठरते. आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर छत लागतं. लाट त्याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून शेंडे सपाट कापले जातात. पट्टी ठेवून मी शेंडे कापून दाखवले, डोंगरांचं माळव्यासारखं पठार झालं. यालाच क्लिपिंग म्हणतात.

आता या पठाराचं नुकसान ट्वीटरला का? एक तर कापलेल्या कडांमधून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर तयार होतात, आणि उंच स्वर ट्वीटरकडेच जातात. दुसरं कारण अधिक मोठं. छताला आधी धडकतात ते खर्जाचे, धमाक्याचे भाग. ते तिथेच अडकतात, पण आवाजाचं बटण फिरवत गेलं की उंच स्वरांचा भाग मात्र वाढत राहतो. ट्वीटरच्या वाट्याला एरवी काही थोडे वॉट येतात, आणि त्याची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. स्पीकरवरचे अडीचशे वॉट म्हणजे स्वच्छ संगीत एवढ्या ताकदीनं आलं तर अख्खा स्पीकर तग धरेल, इतकंच. त्यातले बहुतेक वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, नावचे. ट्वीटर अडीचशे वॉट सोसेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

डावा ट्वीटर उघडला तेव्हा कॉइल काळवंडलेली होती, जळलेल्या वार्निशचा वास होता, आणि मीटरवर जोडणी तुटलेली दिसत होती. काकांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

वॉटचा हिशोब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १४५ वॉट लिहिलं होतं, आणि सात चॅनेल (एका स्पीकरसाठी एक चॅनेल) मिळून दुकानदारानं हजार वॉट सांगितले होते. खाली बारीक अक्षरांत अटी होत्या: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती (आवाज बिघडण्याचं प्रमाण), एकच चॅनेल चालू. पुस्तिकेत खरा आकडा सापडला: ८ ओहमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनेल चालू असताना ८० वॉट. मागच्या पट्टीवर विजेचा वापर ४३० वॉट. ती काही कमाल मर्यादा नसते, पण ४३० वॉट घेणाऱ्या यंत्रातून सातही चॅनेलना एकाच वेळी सतत ८० वॉट निघणार नाहीत, हे त्यावरून कळतं. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओचे (क्षणभरच्या कमाल ताकदीचे) भलेमोठे आकडे असायचे, ते ज्यांना आठवतात त्यांना हे नवं नाही. अमेरिकेत १९७४ साली नियम आला की घरगुती अँप्लिफायरची ताकद सांगताना ओहम, स्वरांचा पट्टा आणि विकृतीही सांगायची. पुस्तिकेतली ती लांबलचक ओळ याच शिस्तीतली. वाचायची ती तीच.

आता स्पीकरकडे. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट. ४ ओहमला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॉट. म्हणून ८६ डेसिबलचा हा स्पीकर प्रत्यक्षात १ वॉटला ८३ डेसिबल देतो. साडेतीन मीटरवर, खोलीच्या भिंती थोडी मदत करतात हे धरून, मी ८ डेसिबल वजा केले. सोफ्यावर उरले ७५.

मग रिसीव्हरसोबत आलेला माइक, जो खोक्यातून बाहेरच निघाला नव्हता, तो लावून कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवणं, केलं. त्यानंतर पडद्यावर शून्य म्हणजे सिनेमागृहाचा प्रमाणित आवाज, ज्यात प्रत्येक मुख्य स्पीकरकडून १०५ डेसिबलपर्यंतचे धक्के अपेक्षित असतात. जावयांना विचारलं, त्या रात्री साधारण किती आवाज होता? त्यांनी वाढवत नेऊन उणे ७ वर हात थांबवला. म्हणजे ९८ डेसिबलचे धक्के. ७५ वरून ९८ म्हणजे २३ डेसिबल, आणि त्याला लागतात २०० वॉट.

समजा स्पीकर ८ ओहमचे आणि ९० डेसिबलचे असते, तर सोफ्यावर १ वॉटला ८२ मिळाले असते आणि ९८ ला चाळीसच वॉट पुरले असते. तोच रिसीव्हर, तोच हॉल, तेवढाच आवाज, आणि पाचपट फरक. स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं, याचं मला खरंच दुःख होतं.

पर्याय

दुकानानं सुचवलेला मोठा रिसीव्हर ११० वॉटचा होता. ८० वरून ११० म्हणजे वाढ जेमतेम १.४ डेसिबल, कारण ३ डेसिबल वाढवायलाच वॉट दुप्पट लागतात. शिवाय त्याच्या मागेही ६ ओहमच छापलेलं. हा पर्याय लगेच बाद केला.

फक्त पुढच्या टॉवरना वेगळा पॉवर अँप लावणं हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगला मार्ग होता. पण या रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या अँपला सिग्नल देणाऱ्या खोबणी) फक्त खर्जासाठीच्या सबवूफरचे होते, पुढच्या स्पीकरचे नाहीत. म्हणजे रिसीव्हरही बदला आणि अँपही घ्या. खर्च लाखाच्या वर जात होता.

तिसरा मार्ग पुढे रिसीव्हरला सहज झेपतील असे स्पीकर घेण्याचा. काकांनी मान हलवली. "पोरानं पहिल्या पगाराचे दिलेत ते. ते काढून दुसरे नाही लावायचे मला." हे कारण हिशोबाच्या वहीत मांडता येत नाही, पण निर्णयात त्याचं वजन असायलाच हवं होतं, आणि मी ते दिलं.

राहिला मार्ग चौथा: आहे तेच ठेवून भार कमी करायचा आणि आवाजाला मर्यादा घालायची.

इथे एक गोष्ट मी थोडा वेळ तोलत होतो. पुस्तिकेत लिहिलं होतं की मेनूमधली इंपीडन्सची सेटिंग ६ ओहमवर नेली तर पुढच्या दोन स्पीकरपुरती ४ ओहमची परवानगी आहे. दुकानाच्या मुलानं ती ८ वरच सोडली होती. या सेटिंगनं आतले व्होल्ट कमी होतात, यंत्र कमी तापतं, पण छतही खाली येतं. हौशी मंडळींपैकी बरेच जण ती ८ वरच ठेवा म्हणतात, आणि स्वतःच्या घरी, रिसीव्हर मोकळ्यावर ठेवून मीही कदाचित तसं केलं असतं. पण या घरात एरवी दोघं वयस्कर माणसंच असतात. बनवणाऱ्यानं जे लिहून दिलं आहे त्याच्या बाहेर जायचं नाही असं ठरवलं आणि सेटिंग ६ वर नेली.

काय केलं

स्वयंपाकघराच्या तारा टॉवरच्या खोबणींतून काढल्या. रिसीव्हर सात चॅनेलचा आणि स्पीकर पाचच, म्हणजे दोन चॅनेल पडूनच होते. खोकी-स्पीकर तिथे झोन-२, म्हणजे दुसऱ्या खोलीचा वेगळा आवाज, म्हणून जोडले. झोन-२ ला एचडीएमआयवरून येणारा आवाज जात नव्हता, म्हणून सेट-टॉप बॉक्सपासून लाल-पांढरी अ‍ॅनालॉग वायर वेगळी ओढली. भजनं पुन्हा आत ऐकू येऊ लागली आणि काकूंच्या जिवाला बरं वाटलं.

स्वयंचलित कॅलिब्रेशननं टॉवर मोठे बघून ‘लार्ज’ ठरवले होते. ते ‘स्मॉल’ केले आणि ८० हर्ट्झच्या खालचा भाग नव्यानं घेतलेल्या दहा इंची सबवूफरकडे वळवला. त्याचा स्वतःचा अँप असतो, त्यामुळे करंट ओढणारा खर्ज रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरला.

काचेचं दार काढलं, सेट-टॉप बॉक्स शेजारच्या कप्प्यात हलवला, युनिटच्या पाठीला दोन मोठी भोकं पाडली.

मेनूमध्ये कमाल आवाज उणे १२ वर बांधला. १०५ मधून १२ गेले की ९३, आणि ८० वॉटवर ७५ मध्ये १९ मिळवून ९४ येतात. सेटिंगमुळे खाली आलेलं छत खर्ज उतरवल्यानं भरून निघेल, असा माझा अंदाज होता.

ट्वीटर त्याच मेकचा, त्याच क्रमांकाचा मागवला. यायला पाच आठवडे लागले. बाजारात बसेल असा दुसरा त्याच दिवशी मिळत होता, पण दोन बाजूंचा आवाज जुळला नसता, आणि ते काकांच्या कानाला चाललं नसतं.

परिणाम

मे महिना सगळ्यात मोठी परीक्षा होता. इंदुरात पारा चाळिशीच्या वर, आणि सुट्टीला आलेली नातवंडं रोज सिनेमा लावत होती. रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही.

नातवाचं समाधान मात्र अर्धवटच झालं. उणे १२ च्या वर जाता येत नाही हे त्याला पटत नाही, आणि त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. थिएटरातला तो छातीत बसणारा धक्का या जोडीतून येणार नाही.

काकांच्या गाण्याचा प्रश्न पूर्ण सुटला. ते ऐकतात सत्तरेक डेसिबलच्या आसपास. दोन स्पीकर मिळून एवढ्या आवाजाला प्रत्येकी पाव वॉटही लागत नाही. ट्वीटर बसवला त्या दिवशी त्यांनी मला थांबवून घेतलं, दिवे मालवले आणि तंबोरा सुरू झाल्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून बघितलं. मग म्हणाले, "आली परत."

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर मी पत्रकांचे फोटो मागितले, पण खोबणींचा फोटो मागितला नाही. एका खोबणीत दोन तारा त्यात लगेच दिसल्या असत्या, आणि संक्रांतीनंतरचा आठवडाभर ते लोक दुसरा स्पीकर धोक्यात घालून टीव्ही बघत बसले नसते. आता कुणीही ‘बंद पडतो’ म्हणालं की मी आधी तोच फोटो मागतो.

सबवूफर मी घाईनं कोपऱ्यात ठेवला. काकांच्या खुर्चीशी खर्ज घुमायला लागला, तबल्याचा बायां सुजल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या फेरीत सबवूफर उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि मी गुडघ्यांवर भिंतीकडेनं सरकत ऐकत गेलो. जिथे बायां मोकळा वाजला तिथे, खिडकीखाली, त्याची जागा ठरली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि मूळ खरेदीबद्दल: स्पीकर घरात आधीच होते. रिसीव्हर घेण्याआधी त्यांचं पत्रक दुकानात दाखवलं असतं, तर ४ ओहम चालतात असं लेखी सांगणारा आणि पुढचे प्री-आउट असलेला रिसीव्हर बघता आला असता. सात चॅनेल नको होते, पाच पुरले असते. त्या पैशांत बरंच अंतर कापलं गेलं असतं.

मुलगा दिवाळीत येतोय. टॉवर आतल्या खोलीत हलवून त्यांना ४ ओहम पेलणारा छोटा स्टिरिओ अँप द्यायचा, ती खोली बाबांच्या गाण्याची करायची, आणि हॉलमध्ये ८ ओहमचे, ९० डेसिबलच्या आसपासचे स्पीकर आणायचे, असं त्याच्या मनात आहे. काका अजून हो म्हणालेले नाहीत. मी दोन जोड्या गाडीत घालून घेऊन जाणार आहे. आधी त्या हॉलमध्ये, त्यांच्याच खुर्चीवरून ऐकू द्यायच्या, मग काय ते ठरेल.